पितळेला पाणी

माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर बारीक बारीक पांढरे ठिपके आहेत. नव्या ओळखीच्या बायका विचारतात, फोडणीचं तेल उडालं का हो? मी म्हणते, तेल नव्हे, पितळ. मग त्यांना पुढचं सगळं सांगावं लागतं, आणि मला सांगायला आवडतं, म्हणून आता एकदा लिहूनच ठेवते. शाळेत मी गेले नाही. अक्षरांच्या आधी मला आकडे आले, तेही पोलादी पट्टीवरचे. अक्षरं मागून माझी मीच गोळा केली. तेव्हा शुद्धलेखन बघू नका, गोष्ट बघा.

मी वळसंगची. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा पोरच होते. माहेरी शेती होती, सासरी पुढच्या खोलीत लेथ होता. लेथ म्हणजे कातकामाचं यंत्र. लोखंडाचा नाहीतर पितळेचा तुकडा त्यात घट्ट धरायचा, गरगर फिरवायचा आणि पोलादी हत्यार लावून हवा तेवढाच कापायचा. माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, पूर्वी एका मिलच्या वर्कशॉपात टर्नर होते. मिलनं हा लेथ मोडीत काढला तो त्यांनी घरी आणला, आणि मिलचंच बारीकसारीक काम घरी घेऊ लागले. वीज कुठली? एक भलंमोठं लाकडी चाक होतं, त्याला दांडा, आणि चाकावरून लेथवर चामड्याचा पट्टा. ते चाक माझ्या सासूबाई, आत्याबाई, भिंतीकडं तोंड करून बसायच्या आणि फिरवायच्या. वीस वर्षं फिरवलं म्हणतात. त्यांचा उजवा दंड कुठल्याही तालमीतल्या गड्याला लाजवील असा होता.

आमचे हे मिलमध्ये सूतखात्यात. ह्यांनी लेथ का नाही घेतला, असं लोक विचारायचे. हे स्वतःच सांगायचे, "माझ्या हातात माप न्हाय. तीनदा शिकवलं आबांनी, तीनदा हत्यार मोडलं. चौथ्यांदा आबा मला मोडतील."

मामंजींचे डोळे हळूहळू गढूळ होत गेले. एकदा ते पट्टी डोळ्याला भिडवून आत्याबाईंना म्हणाले, "बघ गं, रेघ कुटं आलीय?" आत्याबाईंना रेघ दिसत होती, वाचता येत नव्हती. मी दाराआड पिठाची परात घेऊन उभी होते. पाठीमागून डोकावून मला दिसलं. पट्टीवरचे आकडे मी दाराआडून बघून बघून ओळखायला शिकले होते. मी आत्याबाईंना म्हणाले, मोठ्यानंच, "आत्याबाई, सव्वाच्या पुढं तीन बारक्या रेघा." मामंजींनी पट्टी डोळ्यावरून खाली घेतली. मग म्हणाले, "तिला म्हणावं, परात ठेव आन् हितं ये."

हे "तिला म्हणावं" समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही आणि सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, ही तेव्हाची रीत. ते शिकवणार मला, पण सांगणार आत्याबाईंना. आत्याबाई चाक फिरवता फिरवता ते माझ्यापर्यंत पोचवणार. मी काही उलट विचारायचं नाही. सांगितलं तेवढं करायचं.

"तिला म्हणावं, हत्यार तुकड्याच्या मध्याच्या वर चढलंय."

"ऐकलंस का? चढलंय म्हणत्यात."

"किती चढलंय, आत्याबाई?"

"मला काय ठावं? उतर म्हणजे झालं."

अशा शाळेत मी शिकले. आणि चांगली शिकले, हे मी बिनदिक्कत सांगते. लेथ चालवणं त्यातलं सोपं काम. अवघड असतं ते लेथ लावणं. तुकडा लेथच्या तोंडातल्या जबड्यांत धरला की तो बरोबर मध्यावर फिरला पाहिजे, जरा जरी डुलला की माप गेलं. मी फिरत्या तुकड्याला हळूच खडू लावायचे. जी बाजू बाहेर आलेली असेल तिलाच खडू लागतो. मग समोरचा जबडा सैल, हा घट्ट, पुन्हा खडू. शेवटी विडीच्या पुडक्यावरचा पातळ कागद हत्यार आणि तुकड्याच्या मध्ये धरून बघायचं, सगळीकडून सारखा अडतो का. मामंजी नुसतं नख टेकवून सांगायचे, डुलतोय की नाही. दोन वर्षांत माझ्याही नखाला कळायला लागलं.

एक गोष्ट सांगते, हसू नका. डोक्यावर पदर घेऊन लेथवर उभं राहिलं तर पदर पट्ट्यात जातो आणि मागून बाईही जाते. सासऱ्यासमोर पदर खोचायचा कसा? पण त्यांना दिसतच नव्हतं. त्यांना दिसत नव्हतं म्हणून मला पदर कमरेला खोचता आला, आणि पदर खोचता आला म्हणून मी कारागीर झाले. आत्याबाई एवढंच म्हणायच्या, "पाव्हणं आलं की सावर बाई."

मामंजींच्या शिकवणीत एक गोष्ट अशी होती की नग कापून झाला की त्याला पाणी द्यायचं, मग माप घ्यायचं. "तिला म्हणावं, पाणी दे आन् मग गेज लाव." रोज हेच. का, ते कधी सांगितलं नाही आणि मी विचारणार तरी कशी? आत्याबाईंना एकदा विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कारागिराची रीत असंल. अवजाराची पूजा करतो न्हाय का आपण." त्या भिंतीकडं तोंड करून बसायच्या, त्यांनी मामंजींना पाणी देताना कधी बघितलंच नव्हतं, नुसता आवाज ऐकलेला. मला ते पटलं. मग मी आपली प्रत्येक नगाला तांब्याभर ताजं पाणी घालायची, खाली बादलीत पडलेलं तेलकट पाणी ओतून द्यायची. देवाला काय उष्टं पाणी घालतो का आपण?

आता त्या उन्हाळ्याकडं येते. मामंजींची नजर पार गेली होती, आणि माढ्याहून जावईबापू आले. म्हणजे माझ्या नणंदेचे मालक. त्यांचं तिकडं उसाचे चरक दुरुस्त करायचं दुकान. माणूस हसतमुख, बोलायला गोड, पण आले ते बैलगाडी घेऊनच. लेथ न्यायला.

"मामा," ते मामंजींना म्हणाले, "तुमचं डोळं गेलं, मेव्हण्याच्या हातात माप न्हाय. हा लेथ हितं गंजत पडायचा. माझ्याकडं दिलात तर चालता राहील."

जावयाला नाही कसं म्हणायचं? मामंजी जात्याच कमी बोलणारे. ते ओट्यावर घोंगडीवर बसले होते, नुसते दाढीवरून हात फिरवत राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "सून चालवती की लेथ."

जावईबापू हसले. "चालवतात, व्हय. पण मिलचं काम पास व्हायला पाहिजे ना, आत्याबाई. चपात्या गोल झाल्या म्हणून बुश गोल होतोय होय?"

मी पदर सावरून दाराआड उभी होते. हे ऐकलं आणि माझे कान तापले. मी आत्याबाईंना सांगितलं, मोठ्यानं, की मिलच्या मिस्त्रींनी बुशांचं काम दिलंय, दोन डझन नग. ते पास झाले तर लेथ इथंच राहील. नापास झाले तर मी स्वतः गाडीत चढवायला हात लावीन. जावईबापूंनी मान हलवली. "कबूल. तोवर दोन दिस आंबे खातो."

बुश म्हणजे पितळेची जाड नळी. फिरणारा दांडा तिच्या पोटात बसतो. पोट जरा लहान झालं तर दांडा अडकतो, मोठं झालं तर खडखडतो. मिस्त्रींनी मापाला पोलादी गेज दिलं होतं, म्हणजे दोन तोंडांची एक गुळगुळीत दांडी. बारीक तोंड बुशात सहज गेलं पाहिजे, जाड तोंड जाता कामा नये. त्या दोन तोंडांतला फरक डोक्याच्या केसाहून कमी. हरवायला नको म्हणून ते गेज मी कनवटीला खोचून ठेवायची, झोपतानासुद्धा.

पहिल्या सकाळी पाच नग केले. नळाला पाणी आलं होतं, पाचांनाही तांब्या तांब्या घातलं. दुपारपासून नळ गेला. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. आड तळाला लागलेला, शेजारच्या विणकरांच्या अक्कांनी सूत भिजवायला ठेवलेलं पाणीसुद्धा मोजून वापरायला घेतलेलं. मी सहाव्या नगासाठी तांब्या उचलला तशा आत्याबाई चाक थांबवून म्हणाल्या, "अगं, माणसाला प्यायला न्हाय आन् पितळ काय तहानेनं मरतंय?"

मलाही ते खरं वाटलं. रीत काय, पाऊस पडल्यावर पाळता येते. मामंजींना कळू नये म्हणून मी रिकाम्या बादलीवर तांब्या वाजवायची. ते मान डोलवायचे. हे मी चोरून केलं, हे आजही कबूल करते. बाकी मात्र काम एवढं सुरेख उतरत होतं की काय सांगू. हत्यार लोण्यातून जावं तसं जात होतं, पितळेचा कीस खोबऱ्यासारखा पडत होता. तो गरम कीस हातावर उडायचा, त्याचेच हे ठिपके. नग झाला की लगेच गेज लावायची. बारीक तोंड सुळकन आत, जाड तोंड दारातच उभं. चोवीसच्या चोवीस.

तिसऱ्या दिवशी सकाळी टोपलीत भुसा घालून, त्यात केले त्या क्रमानं बुश ठेवून मी आणि आत्याबाई मिलवर गेलो. निघण्याआधी पुन्हा एकदा गेज लावून बघावं असं मनातही आलं नाही. स्वतःच्या हाताची परीक्षा कोण घेतं?

मिस्त्री म्हणजे पांढऱ्या दाढीचे मुसलमान गृहस्थ, मामंजींच्या बरोबरीचे. त्यांची खोली दगडी, फरशी थंडगार. त्यांच्याजवळ असलंच दुसरं गेज होतं. त्यांनी एकेक बुश उचलला. पाच बुशांत गेज गेलं. सहाव्यात अडलं. सातव्यात अडलं. ते नग दोन बाजूंना ठेवत गेले. एका बाजूला पाच, एका बाजूला एकोणीस.

"बेटी," ते म्हणाले, "ये जाता नै. पोट बारीक झालं."

"घरी जात होतं, मिस्त्री."

"घरी जात असेल. दांडा तर मिलमदी बसवायचा है ना." मग माझं तोंड बघून म्हणाले, "परसों तक टैम है. सुधारून आण."

परतताना ऊन चढलेलं. टोपली डोक्यावर, पाय पोळताहेत, आणि आत्याबाई मिस्त्रींच्या दाढीचा उद्धार करताहेत. घरी येऊन आत्याबाईंनी पाचच पास झाल्याचं सांगितलं, आणि मी ओट्यावरच्या फरशीवर अडलेले बुश ओतले. ती फरशी अशी तापली होती की पापड भाजावा. मी कनवटीचं गेज काढलं आणि पहिल्याच बुशात घातलं. सुळकन गेलं. दुसऱ्यात गेलं. एकोणीसच्या एकोणीस.

जावईबापू आंब्याची कोय चोखत बघत होते. "वहिनी," ते म्हणाले, "मिलचा दरवाजा ओलांडला की पितळ लाजतंय की काय?"

मी एवढी चिडले की पदराचं भान राहिलं नाही. आत्याबाईंना म्हणाले, चला परत, त्या मिस्त्रींनी खोटं गेज लावलंय, त्यांना जावयाचा निरोप गेलेला दिसतोय. आत्याबाई तयारच होत्या. जावईबापू म्हणाले, "आमी कशाला निरोप धाडू? आमची गाडी उभीच हाय की."

तेवढ्यात घोंगडीवरून मामंजी म्हणाले, "तिला इचार, कोणचे पाच पास झालं?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "पहिले पाच."

"तिला इचार, त्या पाचांत आन् बाकीच्यांत काय फरक केला?"

मी पदर डोक्यावर ओढून घेतला. आत्याबाईही चुळबुळल्या. मामंजींनी हात पुढं केला, फरशीवरचा एक बुश चाचपून उचलला, आणि चटका बसला तसा या हातातून त्या हातात घेतला. मग त्यांनी मान माझ्या दिशेला वळवली आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.

"पोरी, पाणी दिलं न्हाईस ना?"

आत्याबाई माझ्या वतीनं म्हणाल्या, "नळ गेला हुता."

"मी तिला इचारतोय," मामंजी म्हणाले.

"नाही दिलं," मी म्हणाले. "पाणी नव्हतं. मी रिकामा तांब्या वाजवला." आणि कसं कुणास ठाऊक, एकदा तोंड उघडलं ते मिटेना. "पण पितळेला पाणी कशाला लागतं, मामंजी?"

जावईबापू कोय चोखायचे थांबले. सुनेनं सासऱ्याला "कशाला" विचारलं होतं. मामंजी मात्र जणू याच प्रश्नाची वाट बघत बसले होते.

"कापताना पितळ तापतं. तापलं की फुगतं. पोटसुद्धा मोठं होतं. तू गरम नगाला गेज लावलंस, गेलं. निवलं की आकसलं. मिस्त्रीच्या थंड खोलीत गेज जाईल कसं? आन् आता हितं उन्हात पुन्हा फुगलंय, म्हणून जातंय. पाणी निवायला, बाळ. नग हातातल्या गेजाएवढा निवला की मग माप."

"मग ताजं पाणी कशाला?"

"ताजं कुणी सांगितलं? मी तर एका घंगाळात आठ आठ दिस तेच पाणी ठिवायचो. नग बुडवायचा, काढायचा."

मी आत्याबाईंकडं बघितलं, आत्याबाईंनी चाकाकडं बघितलं. एक घंगाळ पाणी. तेवढं तर त्या उन्हाळ्यातही घरात होतं. आम्ही दोघींनी पितळेची पूजा मांडली होती, आणि तिकडं पाणी कमी पडलं म्हणून पूजा बंद केली होती. मला रडू यायला हवं होतं, पण आलं हसू. आत्याबाईही हसल्या. जावईबापू एकटेच गंभीर होते.

पण हसून भागणार नव्हतं. एकदा लेथमधून काढलेला नग पुन्हा अगदी तसाच मध्यावर धरणं म्हणजे काय असतं ते लेथवाल्यालाच कळतं. एकोणीस वेळा खडू, एकोणीस वेळा विडीचा कागद. जरा चुकलं तर पोट एका बाजूनं जास्त कापलं जातं आणि नग भंगारात. मामंजी घोंगडी उचलून आत आले आणि लेथशेजारी बसले. आता मधे कोणी नव्हतं.

"धरलास?"

"धरला."

"नख लाव. डुलतोय?"

"जरासा. माझ्याकडच्या बाजूला."

"मग पलीकडचा जबडा सोड. किती सोडलास?"

"पाव फेरा."

"जास्त झाला. निम्मा परत घे."

आत्याबाई एकदोनदा सवयीनं "ऐकलंस का" म्हणाल्या आणि मग गप्प झाल्या. दुपारी त्यांचा दंड भरून आला. चाक थांबलं. हे मिलमध्ये. घरात दुसरं कोण होतं? आत्याबाईंनी जावयाकडं बघितलं, पण जावयाला काम सांगायचं कसं? मामंजीच म्हणाले, "जावईबापू, लेथ न्यायचाच हाय, तर जरा चालवून तरी बघा."

जावईबापू उठले, धोतर सावरलं आणि चाकावर बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी चाक फिरवलं, दुसऱ्या दिवशीही अर्धा दिवस. माझ्या शेजारी घंगाळात तेच ते तेलकट पाणी. नग बुडवायचा, गार झाला की पुसायचा, मग गेज. आणि गेज कनवटीला नाही, त्याच पाण्याजवळ फडक्यावर. हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच ओळखलं, की नग निववायचा आणि गेज माझ्या पोटाच्या उबेला ठेवायचं, हे काही खरं नाही. मामंजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे मला सुचलं नव्हतं." दुसऱ्या कुणी मोठं बक्षीस दिलं असतं तरी मला एवढं वाटलं नसतं.

अठराव्या नगाला नखाला डूल लागेना आणि कागदाला लागत होता. मामंजी म्हणाले, कागदाचं ऐक. मी तो नग सोडला, जबडे पुसले, त्यात किसाचा एक कण अडकलेला निघाला. पुन्हा धरला.

मिस्त्रींच्या खोलीत यावेळी जावईबापूही आले, टोपली त्यांनीच उचलली. मिस्त्रींनी सगळे चोवीस बुश फरशीवर मांडले, पोथी वाचावी तसे सावकाश. गेज जात राहिलं, जाड तोंड अडत राहिलं. शेवटचा नग ठेवून त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "पानी दिया?"

"दिलं," मी म्हणाले. पदर डोक्यावर होता, पण आवाज पदराआडचा नव्हता.

"उस्ताद को सलाम बोलना," ते म्हणाले, आणि पुढच्या कामाचा नमुना त्यांनी आत्याबाईंच्या टोपलीत नाही, माझ्या हातात दिला.

जावईबापू दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन माढ्याला गेले. गाडी अगदीच रिकामी नको म्हणून आत्याबाईंनी चिंचेचं पोतं चढवलं. जाताना ते ओट्याशी थांबले. "वहिनी, माझ्या चरकाचे बुश झिजलेत. पुढच्या खेपेला आणू का?"

"आणा की," मी म्हणाले. "चाक फिरवायला तुम्हीच या म्हणजे झालं."

पुढं कित्येक वर्षं मी त्या लेथवर उभी राहिले. पुढं वीज आली, चाक माळ्यावर गेलं, घंगाळ मात्र लेथजवळच राहिलं. त्या दिवसापासून मामंजी आणि मी थेट बोलायला लागलो, आणि आत्याबाई शेजारणींना तक्रार करायच्या की आपल्याला आता घरात कुणी विचारत नाही. एका सकाळी मामंजी ओट्यावरून म्हणाले, "काय गं, आवाज कुरकुरतोय. हत्यार मध्याच्या वर चढलंय."

मी कागद लावून बघितला आणि म्हणाले, "नाही मामंजी. हत्यार जागेवर आहे. पट्टा सैल झालाय."

त्यांनी कान देऊन पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, "व्हय. पट्टाच हाय."